सायवनचा राब

सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते ती मधल्या अफाट पोकळीतून, पण वाटेत ती काहीच तापवत नाही. तापवायला तिथे काही नसतेच. पुढे हवेचा थर लागतो, त्यालाही ती फारशी तापवत नाही. आधी जमीन तापते आणि मग तापलेली जमीन तिच्यावरच्या हवेला तापवते. जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा. म्हणून दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. हा धडा मी वीस-बावीस वर्षे शिकवला. मुलांना तो आवडायचा, कारण मला आवडायचा. माझ्या हातून घडलेले सर्वांत वाईट काम मी याच धड्याच्या भरवशावर केले.

तेव्हा मी डहाणूला नवा शिक्षक होतो. माणसाने आकाशात उपग्रह सोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या होत्या आणि विज्ञान शिकवणारा म्हणून गावात मला थोडा मान होता. तो अंगात भिनला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला एक हौस सुचली. राब भाजताना जमीन किती तापते, ते थर्मामीटर लावून मोजायचे आणि जूनमध्ये वर्गात सांगायचे. भाताची रोपे करायच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून वर मातीचा थर देतात आणि पावसाआधी तो पेटवतात. त्यालाच आमच्याकडे राब म्हणतात.

सायवनला ओळखीचा एक शेतकरी होता. शाळेच्या छपरासाठी गवत तोच आणून द्यायचा. वयाने माझ्या वडिलांएवढा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. डहाणूतले सगळेच करायचे. हे सांगतो ते सबब म्हणून नव्हे.

सकाळच्या एसटीने निघालो. डहाणूच्या वेशीवरच गाडी बिघडून साडेअकरा झाले आणि सायवनला पोचेस्तोवर एक वाजून गेला. परतीची गाडी चारची. राब रचून तयार होता. राबाच्या पश्चिमेला, दहा-बारा पावलांवर शेतकऱ्याचे घर, कारवीच्या कुडाचे, वर गवत शाकारलेले. पूर्वेला ओढा. सकाळभर डोंगराकडचा वारा घराच्या दिशेने वाहतो, म्हणून तो थांबला होता. दर्याचा वारा पोचला, की राबाची ओढ्याकडची कड पेटवायची. मग आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू मागे सरकते, माती खोलवर भाजते आणि ठिणग्या उडाल्याच तर ओढ्यात पडतात. त्याच्या बापानेही असेच केले होते.

मी घड्याळ पाहिले. म्हटले, वारा तर केव्हाच फिरलाय, डहाणूत अकरालाच सुटला, मी त्यातूनच आलो. तो म्हणाला, "इथं नाय पोचला अजून, गुरुजी. ऊन कललं का येतो."

त्याची बायको भात पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा वारा मोटारीनं आला असंल. आमचा चालत येतो."

मी हसलो आणि तिला धडा समजावला. पान हलत नव्हते, तर म्हटले झाडांच्या आडोशाने जाणवत नाही. समुद्रावरून निघालेल्या थंड हवेला इतके कोस तापलेल्या जमिनीवरून यायला तास लागतात, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. पुस्तकातल्या चित्रात समुद्र आणि जमीन एकमेकांना चिकटून काढलेले असतात. आणि खरे सांगायचे तर डोक्यात चारची गाडी होती. मी दोनदा म्हटले, पेटव. दुसऱ्यांदा आवाज चढला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, डोंगराकडे पाहिले आणि ओढ्याकडच्या कडेला जाळ लावला.

थोडा वेळ नुसता धूर सरळ वर गेला. मग डोंगराकडून एक झुळूक आली. मागे सरकायची ती आग पुढे धावली. आगीवरची हवा वर चढू लागली तशी भोवतालची हवा आत खेचली गेली, एक भोवरा उठला आणि जळता पाला छपरावर जाऊन पडला. तिघांनी मिळून ओढ्याचे पाणी आणले. घरातून दोन भांडी आणि एक घोंगडी निघाली. कणगीत ठेवलेले भाताचे बियाणे जळाले. त्याच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या राखलेले होते.

घर जळून खाली बसल्यावर दर्याचा वारा आला. गार होता. माझी गाडी निघून गेली होती.

सकाळी गावचा पाटील पंचनाम्याला आला. लिहिणारा मीच होतो, दुसरे कोणी नव्हतेच. पाटलाने आग कशी लागली ते विचारले. त्या शेतकऱ्याने माझे नाव घेतले नाही. एवढेच म्हणाला, "वाऱ्याचं चुकलं. काय ते गुरुजींना ठाऊक. ते लिवतील."

मी लिहिले, 'घरधन्याच्या हयगयीमुळे आग लागली.' लिहिताना हात थांबला नाही, हे मला अजून आठवते. नोकरी नवी होती. पाटलाला मी ते वाचून दाखवले, पण हळू आवाजात आणि इतक्या शुद्ध भाषेत की ज्याच्याबद्दल लिहिले त्याला कळू नये. त्याने अंगठा उठवला. हयगय ठरल्यामुळे नव्या घरासाठी सरकार देते ते जंगलातले लाकूड त्याला मिळाले नाही. कुठूनसे आणलेले बियाणे त्या जमिनीला मानवले नाही. त्या पावसाळ्यानंतर नवरा-बायको मजुरीला बाहेर पडली.

पुढच्याच वर्षी मी तलासरीला बदली मागून घेतली. लोकांना सांगितले, की तिकडे शिक्षकांची गरज जास्त आहे.

सात-आठ वर्षांनी तलासरीच्या बाजारात ती बाई दिसली. सुकी मासळी विकत होती. मी तिला टाळायच्या बेतात होतो, पण तिनेच हाक मारली. नवरा गेल्याचे सांगितले. झरीला मुलीकडे राहते म्हणाली. माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. मग म्हणाली, "शेवटपर्यंत सांगायचा, वाऱ्याचं सगळं गुरुजींनी कागदात लिवलंय, सरकार कधी ना कधी वाचंल. तो कागद असंल ना अजून?"

मी म्हणालो, "असेल."

तिने पानात बोंबील बांधून दिले. ते घेऊन मी घरी आलो.