मुद्देमालातली बाटली

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंच आता पुसट झालं आहे. पण अमरावतीच्या त्या शनिवारच्या फुटबॉल सामन्याचा दिवस अजूनही लख्ख आठवतो. त्या प्रकरणात गुन्हा एकाने केला, पण सगळ्यात मोठी चूक माझी होती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि मी अमरावतीत ठाणेदार होतो. अकोल्याकडे सरकारने दारूबंदी लावली होती. अमरावतीत मात्र कलालाचं दुकान राजरोस चालू होतं. पावसाळ्यात अमरावती विरुद्ध अकोला असा सामना ठरला आणि कलालाने अर्ज केला, की मैदानाच्या कडेला दुकान मांडायची परवानगी मिळावी. अर्ज वरून फिरत फिरत माझ्याकडे अभिप्रायाला आला. मी लिहिलं, 'हरकत नाही. चोरून पिण्यापेक्षा डोळ्यांदेखत प्यायलेलं बरं.' वर अटी घातल्या : दुकान बांबूच्या कुंपणाआड असावं, दारू मातीच्या कुल्हडातच द्यावी, काचेची वस्तू तिथे एकही नसावी. आपण फार शहाणपणाचं काही लिहिलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सामना रंगला. काळ्या मातीचा चिखल, त्यात बावीस जण ओळखू येईनात. पंच होते शाळेतले ड्रिलमास्तर. गडी शिस्तीचा, शिट्टी वाजवली की वाजवली. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी अमरावतीला पेनल्टी दिली आणि गोल झाला. मैदान उसळलं. तेवढ्यात मास्तर दोन्ही हातांनी डोळा धरून खाली बसले. बोटांतून रक्त येत होतं. मी धावलो, त्यांना टांग्यात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, "डावा डोळा गेला." मी तसाच भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या हद्दीत, माझ्या बंदोबस्तात, माझ्या परवानगीने हे झालं होतं.

ठाण्यावर परतलो तर आरोपी हजर होता. फुलं पिकवणारा आणि हार विकणारा एक माळी, चाळिशीचा, दारूने लोळागोळा झालेला. कुंपणाला धरून तो ओरडत होता, एवढं सर्वांनी पाहिलं होतं. खुर्च्यांवर बसलेल्या सात प्रतिष्ठितांनी जमादाराला त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. पंचनामा तयार होता. मुद्देमालात लिहिलं होतं, 'दारूची बाटली एक, चिखलाने माखलेली.' बाटली कापडात शिवून लाखेची मोहर मारून ठेवलेली. माझं डोकं दवाखान्यात अडकलेलं. मी वाचलं आणि सही ठोकली.

रविवारी सकाळी दारू उतरल्यावर त्याची जबानी घेतली. चौकशीत आरोपी नाकारतात, रडतात, देवाच्या आणाभाका घेतात. हा शांत बसला होता.

"बाटली तू मारलीस?"

"मले काई आठवत नाई सायेब. सारेच म्हणून राहिले मीच मारली. एवढी मोठी मानसं खोटं कावून बोलतीन? मीच मारली असन." मग माझ्या पायांकडे पाहत म्हणाला, "मास्तरचा डोळा वाचन ना?"

मी खरं ते सांगितलं. त्याने कपाळ भिंतीवर आपटलं. शिपायाने धरलं म्हणून, नाहीतर फोडूनच घेतलं असतं.

सोमवारी अकरा वाजता त्याला मॅजिस्ट्रेटपुढे कबुलीसाठी उभं करायचं ठरलं. घातक वस्तूने जबर दुखापत. गडी निदान सात-आठ वर्षं आत जाणार, हे सांगायला वकील नको होता. प्रकरण एका दिवसात निकाली निघालं म्हणून साहेबांनी पाठही थोपटली.

रविवारीच दुपारी त्याची बायको आली. डोक्यावर शेवंतीची टोपली तशीच. रडणं नाही, विनवणी नाही. आली आणि बोलायलाच लागली.

"सायेब, यानं मारली म्हनता. मी इचारते, लागली कशी?"

"म्हणजे?"

"पेल्यावर याले घरातली चूल दिसत नाई. परवा मले तांब्या फेकून मारला, तं शेजारच्या बकरीले लागला. अन् एवढ्या दुरून नेमका मास्तरचा डोळा? बाप्पा! असा नेम असता तं मी आजवर जित्ती राहिली असती का!"

शिपाई हसले. मीही हसलो, हे सांगायला लाज वाटते.

"अन् दुसरं," ती म्हणाली, "गोल तं आमच्या अमरावतीचा झाला. हा खुशीनं ओरडून राहिला होता. आपल्या बाजूनं शिट्टी मारनाऱ्याले हा कावून मारन?"

"दारूड्याला कारण लागत नाही, बाई. जा घरी."

ती गेली नाही. ठाण्याच्या पायरीवर टोपली ठेवून बसली आणि हार ओवायला लागली. आत मी रोजनामचा लिहायला घेतला, पण तिचे ते दोन प्रश्न डोक्यातून जाईनात. आपल्याच गावाच्या बाजूने निकाल देणाऱ्याला माणूस मारेल कशाला? हा प्रश्न पोलिसाला पहिला पडायला हवा होता. तो एका हारवालीला पडला.

शेवटी उठलो. पंचनाम्याचे दोन साक्षीदार बोलावले, मोहर तोडली आणि बाटली बाहेर काढली. उचलल्याबरोबर आत काहीतरी खुळखुळलं.

गोटी! ती दारूची बाटली नव्हतीच. ती सोड्याची, गळ्यात काचेची गोटी असलेली जाड बाटली होती. कुंपणाआड काच नेऊच नये, ही अट मीच घातली होती, तिथे मीच शिपाई उभा केला होता आणि माझ्याच कागदावर मी 'दारूची बाटली' म्हणून सही केली होती. सोडा मिळत होता तो पलीकडे, खुर्च्यांच्या बाजूला. तिथून बोटं दाखवणारे सातही जण थेंब न घेणारे होते.

सोडावाल्याला बोलावलं. या लोकांची रीत अशी, की गिऱ्हाइकाने तिथेच उभं राहून प्यायचं आणि रिकामी बाटली हातात द्यायची. बाटली घेतल्याशिवाय ते कुणाला हलू देत नाहीत.

"काल सगळ्या परत आल्या?" मी विचारलं.

तो चुळबुळला. "एक नाई आली सायेब. अकोल्याचे वकीलसायेब खुर्चीवर घेऊन गेलते. एवढ्या मोठ्या मानसाले रिकामी बाटली कशी मांगू? बरं दिसते का ते?"

हे वकीलसाहेब अकोल्याच्या संघाचे आधारस्तंभ आणि तिकडच्या दारूबंदीचे पुढारी. बोट दाखवणाऱ्या सातांत पहिली सही त्यांची होती. शनिवारीच रात्री त्यांनी डी.एस.पी. साहेबांना निवेदनही दिलं होतं, की मैदानावर दारू आली म्हणजे असंच व्हायचं. मी बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि दिवेलागणीला अकोल्याच्या जठारपेठेत त्यांच्या घरी पोचलो. त्यांनी अगत्याने बसवलं, चहा मागवला. "त्या दारूड्याला सोडू नका बरं का, ठाणेदारसाहेब," म्हणाले.

मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. गोटी खुळखुळली आणि थांबली.

ते बाटलीकडे पाहत राहिले. चेहरा पांढरा पडला, मग एकदम लाल झाला आणि ते ओरडले, "पण ती पेनल्टी नव्हतीच हो!"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत असली कबुली मी ऐकली नाही. एका माणसाचा डोळा गेला होता, दुसरा भिंतीवर डोकं आपटत होता आणि न पिणारा, शुद्धीवरचा, कायद्याची पुस्तकं पाठ असलेला हा गृहस्थ अजून शिट्टीवर चिडलेला होता. मग ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "हातातून गेली. नंतर सगळे त्याच्याकडे बोट दाखवायला लागले. मीही दाखवलं." पुढे त्यांच्यावर खटला चालला, शिक्षा झाली.

सोमवारी सकाळी मी स्वतः कोठडी उघडली. "तू मारली नाहीस. जा, बायको बाहेर बसली आहे."

तो उठला नाही. "नीट पाहा सायेब. मले आठवत नाई ना. मंग मीच नसन कशावरून?"

बायकोने हात धरून ओढत नेलं तेव्हा गेला. त्यानंतर त्याने दारूला हात लावला नाही.

दुसऱ्या वर्षी कलालाचा पुन्हा अर्ज आला. मी लिहिलं, 'परवानगी देऊ नये.' साहेबांनी बोलावून विचारलं, "अरे, गेल्या वेळी पिणाऱ्याने तर काहीच केलं नव्हतं!" मी म्हणालो, "म्हणूनच, साहेब. मैदानात दारू असली की गुन्हेगार शोधायला कुणी डोकंच चालवत नाही. मीही चालवलं नाही. पिणाऱ्यानेसुद्धा नाही." बाकी माणूस पिऊन बिघडतो की जिंकण्या-हरण्याने, यावर मी आजही पैज लावणार नाही.

बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी ड्रिलमास्तरांकडे गेलो. ओट्यावर पळसाच्या पानात ताजी शेवंती ठेवलेली होती.

"पूजेची का?" मी विचारलं.

"नाही हो. तो माळी रोज ठेवून जातो," मास्तर म्हणाले. "खरं काय झालं ते शंभरदा सांगितलं त्याला. मान हलवतो, हो म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो."