यादीबाई

आमच्या गावात एखाद्याचं पूर्ण नाव त्याच्या शेजाऱ्याला माहीत नसेल, पण यादीबाईंना पाठ असायचं. गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर त्या अंगणवाडी चालवायच्या आणि तांड्याच्या मतदार यादीचं कामही त्यांच्याकडेच होतं. रस्त्यात कोणी भेटलं की यादीतल्यासारखी हाक मारायच्या, "काय प्रल्हाद भिकू राठोड, पोरगी अठराची झाली ना?" तांड्यावर आईला 'याडी' म्हणतात. त्यामुळे अंगणवाडीतली मुलं त्यांना सरळ याडीबाई म्हणायची. बाईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

मी तिथल्याच जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. गावची यादी माझ्याकडे होती. माझी पद्धत सोपी. पारावर बसायचं, आल्यागेल्याला विचारायचं आणि खुणा करायच्या. बाई घरोघर जायच्या. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आली की पुन्हा जायच्या. "सर, माणूस डोळ्यानं पाह्यल्याबिगर मी पेन उघडत नाही," असं मला ऐकवायच्या. तालुक्याच्या बैठकीत तहसीलदार साहेब त्यांची यादी सगळ्यांना उंच धरून दाखवायचे. येत्या मतदार दिनाला उत्कृष्ट कामाचं प्रमाणपत्र त्यांनाच मिळणार, हे जवळपास ठरलेलं होतं. त्या दिवसासाठी बाईंनी उमरखेडच्या बाजारातून एक साडी आणून ठेवली होती, हे मला माझ्या बायकोकडून कळलं होतं.

अशात आमचे आमदार वारले आणि भर उन्हाळ्यात पोटनिवडणूक लागली. गावात कोणालाच उत्साह नव्हता. बाई मात्र छापून आलेली यादी घेऊन तांड्यावर गेल्या, मीही सोबत गेलो. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळी नावं मोठ्यानं वाचली. समोर चंदायाडी बसली होती. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर गोंदण, कान अजून तिखट. यादी संपली तरी तिचं नाव आलं नाही.

बाईंनी पानं उलटीसुलटी केली. मग वगळलेल्या नावांचा कागद काढला. त्यात चंदायाडी होती. पुढं कारण लिहिलं होतं, मयत.

"म्हंजे मी मेली का वं?" चंदायाडीनं विचारलं. "कोणं लिवलं?"

"मी लिवलं, याडी."

"काहून?"

हिवाळ्यात बाई यादीच्या कामाला गेल्या तेव्हा चंदायाडीच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, चंदायाडी गेली. चंदायाडी गेली होती वणीला, लेकीकडे. जावई तिथं कोळशाच्या खाणीत कामाला. बाईंच्या अंगात त्या दिवशी ताप होता आणि पुष्कळ घरं राहिली होती. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, शेजारणीचा अंगठा घेतला आणि निघाल्या. एवढ्या वर्षांत तेवढं एकच दार.

नाव परत घालायला चारच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं तहसीलला गेलो. नवा अर्ज भरून झाला, मग चूक कशी झाली याचा खुलासा लिहायचा होता. मी बाईंना बाजूला घेतलं.

"शेजारणीनं चुकीची माहिती दिली असं लिहा. तिचा अंगठा आहे. नाहीतर नोटीस येईल आणि प्रमाणपत्रही जाईल."

"शेजारीण 'गेली' म्हणे, सर. ते खरंच होतं. 'मेली' मी लिवलं."

आणि त्यांनी तसंच लिहिलं. साहेबांनी कागद वाचला, चंदायाडीकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. म्हणाले, "बाई, हे मला तुमच्या फाईलला लावावं लागेल."

"लावा साहेब. पण पहिले याडीचं नाव लावा."

नाव पुरवणी यादीत आलं. मतदानापर्यंत चंदायाडीनं ही गोष्ट तांड्यावर घरोघर सांगितली. "मी मेलती, यादीबाईनं मले जिती केलं," असं म्हणून ती स्वतःच हसायची. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला आमच्या शाळेसमोर तांड्यावरच्या बायकांची रांग उभी होती आणि सगळ्यांत पुढं ती. केंद्रात गेल्यावर एका पक्षाचा प्रतिनिधी आपल्या यादीवर बोट ठेवून उठला. "ही बाई तर मयत दाखवली आहे."

बाई आणि मी बाहेर टेबल टाकून बसलो होतो. बाई उठून उभ्या राहिल्या. आत जायचं नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून दोन्ही हात टेबलावर दाबून तशाच थांबल्या. आत पुरवणी यादीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग मशीनचा तो लांब आवाज आला आणि बाई खाली बसल्या.

शेजारच्या खोलीतल्या माझ्या गावच्या केंद्रावर दिवसभर शुकशुकाट होता. तांड्याची रांग दुपारच्या उन्हातही मोडली नाही. त्या वेळी निवडून कोण आलं, ते मला आज आठवावं लागतं. ती रांग मात्र आठवावी लागत नाही.

बाईंना नोटीस आली, त्यांनी चूक कबूल केली. त्या वर्षी प्रमाणपत्र मला मिळालं. पारावर बसून यादी करणाऱ्या मला. बाई पहिल्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होत्या. परतताना एसटीत त्यांनी ते मागून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं.

"सर, तुमच्या वडिलांचं नाव चुकवलं इथं. दुरुस्तीचा अर्ज करा."

पुढं बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे यवतमाळला राहायला गेल्या. तांड्याची यादी माझ्याकडे आली. आता मी पारावर बसत नाही. परवा एका दारात उभा होतो, तर आतून शेजारच्या तांड्यावरून नव्यानं राहायला आलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण्या पक्षाचे तुम्ही?"

मी म्हणालो, "यादीबाईंचा."

त्यानं खाट पुढं ओढली आणि म्हणाला, "मंग बसा."