अंगठा सोबत आणा

माणसाच्या अंगठ्याला आजवर सगळ्यांनी कामाला लावलं. पण तुला कुठं बसायला आवडेल, हे त्याला विचारणारा जगात एकच माणूस झाला, आणि त्याचं माजलगावच्या बसस्टँडमागं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. सगळं गाव त्यांना मामू म्हणतं. हल्ली टीव्ही कुणी दुरुस्त करून घेत नाही, म्हणून मामू व्हिडिओ गेमचे रिमोट दुरुस्त करतात. म्हणजे कंपनीची चूक सुधारतात. अंगठ्यानं फिरवायच्या त्या दोन दांड्या कुठं असाव्यात आणि बटणं कुठं, यावर त्यांची मतं पक्की आहेत. डावी दांडी वर, उजवी खाली असा रिमोट त्यांना "बाजेवर एक पाय घेऊन बसल्यावानी" ऐसपैस वाटतो. दोन्ही खाली शेजारी असल्या की "सोयऱ्याच्या घरी बसल्यावानी" अवघडलेला.

अंगठा पाहिल्याशिवाय ते रिमोट उघडत नाहीत. पाटोद्याच्या एका गृहस्थांनी आपला रिमोट एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवला, तो परतीच्या गाडीनं तसाच गेला. सोबत चिठ्ठी: 'अंगठा सोबत आणा.' गृहस्थ तणतणत आले. "अंगठा काय जमिनीच्या कागदावर लावायचाय का?" मामू म्हणाले, "तितं कसा बी लावा. हितं त्याला रोज ऱ्हायचंय." एका दुकानाच्या उद्घाटनाला हारांत बुडालेल्या प्रमुख पाहुण्यांना फीत कापता येईना, तेव्हा गर्दीतून मामूंचाच शांत आवाज आला, "सायेब, कात्री उजव्या हाताची हाय, तुमी डाव्यानं धरली." फीत कापली गेली. नंतरच्या चार भाषणांत इतकं उपयोगी वाक्य एकही नव्हतं.

मी मात्र त्यांच्याकडं गंमत म्हणून गेलो नव्हतो. लेक नोकरीला गेली तेव्हा तिचा गेम घरी राहिला, आणि संध्याकाळी मी नि बायको त्यावर गाड्यांची शर्यत खेळू लागलो. मी रोज हरायचो. मग बायकोला लकवा झाला. ती बरी झाली, पण डावा अंगठा वरच्या दांडीपर्यंत पोचेना. दोनदा गाडी भिंतीवर गेल्यावर तिनं रिमोट कपाटात ठेवला आणि म्हणाली, "तुमीच खेळा आता." डॉक्टरांच्या फायलीची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या शब्दांची वाटली.

मी हे सांगितल्यावर मामू स्वतःच घरी आले. "भाभी, जरा शेंगा फोडून दाखवा." ती फोडत राहिली, मामू टक लावून पाहत राहिले.

"कावून बघायलाव मामू? शेंगा बघितल्या न्हाईत का कदी?"

"शेंगा लई बघितल्या. हा अंगठा न्हाई बघितला."

मग त्यांनी रिमोटचं आतून रिकामं केलेलं कवच तिच्या हातात दिलं आणि अंगठा आपणहून जिथं टेकला तिथं पेननं खूण केली. आठवड्यानं रिमोट आला. डावी दांडी खुणेवर उतरली होती, तिथली बटणं वर गेली होती. मी म्हटलं, "तुम्हीच एकदा फिरवून बघा की."

त्यांनी आपला अंगठा पुढं केला. सोल्डरिंगनं भाजून भाजून तो लाकडासारखा झाला होता. "याला काय कळतंय, सर. भाभी, तुमीच सांगा. पोचला का?"

तिनं शर्यत सुरू केली.

मी पुन्हा रोज हरतो. कधी ती उठून गेली की तिचा रिमोट हातात घेऊन पाहतो. माझा अंगठा इकडं तिकडं चाचपडतो, दांडी त्याला सापडत नाही. त्याच्यासाठी तिथं जागाच ठेवलेली नाही. मला फार बरं वाटतं.