रिकामी पर्स

ऑर्डनन्स फॅक्टरीच्या गेटवर दरबानकी केलेला हरिचंद्र माणसाच्या तोंडाकडे नंतर बघे, पिशवीकडे आधी. शिफ्ट सुटली की कामगार रांगेत डबे उघडून दाखवत. ती नोकरी संपली, नजर काही रिटायर झाली नाही. अंबरनाथच्या घरी पाहुणा आला तरी निघताना त्याच्या थैलीचा फुगवटा हा गडी डोळ्यांनी मोजून घ्यायचा.

२००७ साली त्याची मुलगी यशोधरा नर्सिंगच्या फीसाठी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यावरच्या माळ्यावर कामाला लागली आणि याच्या जिवाला घोर लागला. तिथे पोरंपोरी दिवसभर कॉम्प्युटरवर गेम खेळत. गेममधल्या जंगलात रानडुकरं मारायची, सोन्याची नाणी जमवायची. मालक चंदरशेठ ती नाणी परदेशातल्या खेळणाऱ्यांना खऱ्या डॉलरात विकायचा आणि पोरांना हजार नाण्यांमागे मजुरी द्यायचा, खाली जीन्स शिवणाऱ्यांना नगावर मिळते तशीच.

"जो माल गेटाबाहेरच पडत नाही, त्याचे पैसे कोण देतं?" हरिचंद्रने विचारलं.

सवाल वाजवी होता. पण विचारायचा होता चंदरशेठला, आणि हा धारेवर धरत बसला पोरीला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दर शनिवारी मजुरी मिळाली की पर्स उघडायला लावायची, नोटा उलटसुलट करायच्या, कुणी दिल्या, कशाबद्दल दिल्या. एकदा तर दुसरं काही काम करतेस का, असंही विचारून बसला. बापाने विचारू नये ते विचारलं.

त्यानंतर पर्समध्ये रिक्षापुरती चिल्लर दिसू लागली. मजुरी पुढे एकदम मिळणार, एवढंच ती म्हणाली. रिकामी पर्स बघून हरिचंद्र निर्धास्त झाला. गेटवर तरी याहून वेगळं काय शिकला होता तो!

पुढच्या जूनमध्ये गेमच्या कंपनीने नाणी विकणाऱ्यांची सगळी खाती एका फटक्यात बंद केली. माळ्याला कुलूप लागलं, चंदरशेठचा फोन लागेना. हे कळताच हरिचंद्रची छाती फुगली. पाणी मुरतंय, हे त्याने आधीच ओळखलं होतं ना! तो ते बोलणार, एवढ्यात यशोधराने पर्स त्याच्या मांडीवर ठेवली.

"तपासा पप्पा. आज खरंच चोरी झालीय."

तिची सगळी मजुरी शेठकडेच होती. तिकडे ठेवलीस कशाला, म्हणून तो ओरडला.

"नोटा दिसल्या की तुम्ही माझ्याकडे चोरासारखं बघायचात. पर्स रिकामी असली की नीट जेवायचात. म्हणून ठेवली."

हरिचंद्रने चेन उघडली नाही. फी भरायची मुदत सोमवारी संपत होती.