डाव्या पायाचं काय करायचं

कल्याणहून कोलशेतला ऑफिसला जाताना मी एकदा क्लच किती वेळा दाबते ते मोजलं. दुर्गाडीचा पूल उतरेपर्यंत शंभर झाले होते. रांजणोली नाक्यावर एका कंटेनरवाल्याशी भांडताना मोजणी चुकली, ती मी अंदाजाने पुढे चालू ठेवली, आणि कंपनीच्या गेटवर आकडा साडेपाचशेच्या घरात गेला. येताना पुन्हा तेवढेच. हे मी हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि क्लच सोडा म्हणाले. नाही सोडला तर सहा महिन्यांनी भेटूच, तेव्हा ऑपरेशनचं बोलू. लोकलने का जात नाहीस, असं विचारणाऱ्यांनी संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनबाहेर कोलशेतची रिक्षा मिळवून दाखवावी.

तर ऑटोमॅटिक गाडी घ्यायची हे त्याच दिवशी ठरलं. तशीही आमची गाडी बारा वर्षांची झाली होती आणि तिचा आवाज सोसायटीच्या वॉचमनला नाक्यावरूनच ओळखू यायचा. अडचण एकच होती, आणि ती आमच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून पेपर वाचत होती.

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. माळशेजला ते ‘आपला घाट’ म्हणतात, जणू सातबारा त्यांच्या नावावर आहे. या एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला एकही अपघात झाला नाही. त्याबद्दल मिळालेला विनाअपघात सेवेचा बिल्ला आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावला होता, आईच्या फोटोच्या शेजारी, आणि खरं सांगायचं तर फोटोपेक्षा थोडा वर. सोसायटीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे ड्रायव्हरकाकाच म्हणतात. आई गेल्यापासून त्यांच्या आठवड्यात एकच वार उरला होता, तो म्हणजे रविवार. त्या दिवशी गाडी त्यांची. सकाळी चारही टायरना लाथा घालून हवा तपासायची, मग एका रिटायर कंडक्टरला आणि एका रिटायर मेकॅनिकला त्यांच्या घरून उचलायचं आणि टिटवाळ्याच्या विहारात वंदनेला जायचं. येताना तिघेही कुठेतरी भजी खायचे आणि घरी येऊन खाल्ली नाहीत म्हणायचे.

सोसायटीत आम्हाला पार्किंग एकाच गाडीचं. म्हणजे प्रश्न सरळ होता. मॅन्युअल घेतली तर माझा गुडघा जाणार, ऑटोमॅटिक घेतली तर बाबांचा रविवार.

बाबांच्या मते असा प्रश्नच नव्हता. क्लच नसलेली गाडी म्हणजे जत्रेतला पाळणा, बसायचं, फिरायचं, उतरायचं. गुडघा दुखतो तो मी हाफ क्लचवर गाडी उभी करते म्हणून, हे त्यांनी मला तीन आठवडे रोज सांगितलं. मी पोळ्या लाटत असताना सांगितलं, दात घासत असताना सांगितलं. एसटीचा क्लच दाबायला सीटवरून अर्धं उठावं लागायचं, तरी त्यांचा गुडघा ठणठणीत होता. मी चेहऱ्यावर शंका दाखवली असावी, कारण त्यांनी हातात पेपर धरून हॉलमध्ये एक उठाबशी काढून दाखवली. बसले झटकन. उठायला वेळ लागला, तेवढ्यात त्यांनी खाली बसूनच एक बातमी वाचून काढली.

मग मला अक्कल सुचली. एकदा त्यांनी ती गाडी ट्रॅफिकमध्ये चालवली की आपोआप पटेल, असा माझा हिशोब होता. शनिवारी मी त्यांना कल्याण-शीळ रस्त्यावरच्या शोरूममध्ये घेऊन गेले. टेस्ट ड्राइव्हसाठी आमच्याबरोबर तिथली एक सेल्सवाली मुलगी आली, हातात टॅब, पायात उंच टाचा. बाबांनी आधी गाडीभोवती फेरी मारून चारही टायरना लाथा घातल्या. काका रागावलेत का, असं तिने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही, ही ओळख करून घ्यायची पद्धत आहे.

बाबा स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी, मुलगी मागे. तिने पुढे वाकून समजावलं की ही डी म्हणजे पुढे, ही आर म्हणजे मागे, आणि डाव्या पायाला काहीच काम नाही, तो अंकलनी विसरून जायचा. बाबांनी आरशात तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या पायाबद्दल असं आजवर कोणी बोललं नव्हतं.

पहिली पंधरा मिनिटं उत्तम गेली. पत्री पुलाच्या अलीकडे नेहमीसारखं सगळं तुंबलं होतं. गाडी ब्रेक सोडला की सरकायची, दाबला की थांबायची. मी तिरक्या नजरेने बाबांकडे बघत होते. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. त्यांना आवडत होतं. कबूल त्यांनी सात जन्मांत केलं नसतं, पण आवडत होतं. मनातल्या मनात मी गाडीचा रंगसुद्धा ठरवला.

मग पुढची बस अचानक थांबली.

ज्याने आयुष्यभर क्लच दाबला आहे त्याचे अशा वेळी दोन्ही पाय एकदम खाली जातात. उजवा ब्रेकवर, डावा क्लचवर. ऑटोमॅटिकमध्ये डावीकडे क्लच नसतो, तिथपर्यंत ब्रेकचंच रुंद पेडल आलेलं असतं. बाबांचा डावा पाय त्यावर एसटीच्या हिशोबाने पडला. गाडी जागच्या जागी खिळली. मागच्या मुलीचं कपाळ माझ्या सीटवर आपटलं, टॅब माझ्या पायाशी येऊन पडला, आणि मागून एक रिक्षा आमच्या बंपरवर येऊन थडकली.

मी खाली उतरले. भांडण मला चांगलं येतं, रोज सराव होतो. रिक्षावाला मध्येच ब्रेक का मारला म्हणून ओरडत होता. मी त्याला विचारलं, अंतर ठेवायचं असतं हे लायसन काढताना कोणी सांगितलं नाही का. मागून ठोकणाऱ्याचीच चूक असते हा नियम मी त्याला मराठीत आणि हिंदीत सांगितला. हॉर्न वाजत होते, दोन बाइकवाले माझ्या बाजूने बोलायला लागले होते. रिक्षावाल्याचा आवाज खाली आला. जाऊ द्या ताई, इथपर्यंत आला. मी जिंकलेच होते.

तेवढ्यात बाबा उतरून आले. त्यांनी बंपर पाहिला, रिक्षाची पुढची बाजू पाहिली, आणि रिक्षावाल्यासमोर अटेन्शनमध्ये उभे राहिले.

“चूक तुझी नाही,” ते म्हणाले. “मी ड्रायव्हर आहे. पाय माझा चुकला.”

रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला. मला भयंकर राग आला. जिंकलेलं भांडण असं कोणी परत देतं का? राहू दे काका, होतं असं, म्हणून रिक्षावाला निघून गेला. बाबांनी किल्ली त्या मुलीच्या हातात दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तिने किल्ली माझ्याकडे दिली, शोरूमपर्यंत मी चालवली. गुडघा अजिबात दुखला नाही, आणि हे मी कोणाला सांगावं असा तो प्रसंग नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी भिंतीवरचा बिल्ला काढला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, धूळ बसलीय. धूळ पुसून झाली, बिल्ला कपाटात गेला. रविवारी कंडक्टरचा फोन आला तेव्हा त्यांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. मी आयुष्यात त्यांचं पोट बिघडलेलं पाहिलेलं नाही. तो माणूस डेपोच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं जेवलेला आहे.

सोमवारी मी ऑफिसमधून शोरूमला फोन केला आणि मॅन्युअल बुक केली. माझ्यामुळे झालं होतं सगळं, मीच निस्तरायला हवं होतं. संध्याकाळी बाबांना सांगितलं की ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक काही खरी नाही, आपली क्लचचीच गाडी बरी. मला वाटलं होतं निदान चेहरा खुलेल. ते “बरं” म्हणाले आणि वाटीतली आमटी संपवली. मी मेडिकलमधून गुडघ्याला घालायचा पट्टा आणला आणि त्यांना दिसणार नाही असा सलवारच्या आत घालायला लागले. या त्यागाचं मला मनातून फार कौतुक वाटत होतं.

गुरुवारी दुपारी ऑफिसात त्या सेल्सवालीचा फोन आला. ती फार अवघडलेली होती.

“मॅडम, अंकल रोज येतात इथे,” ती म्हणाली. “टेस्ट ड्राइव्ह नाही मागत. डिस्प्लेच्या गाडीत बसतात फक्त. तास-दीड तास. आमचे सर आता विचारायला लागलेत.”

मी अर्धा दिवस टाकला आणि निघाले. त्या दिवशी मानकोलीपासूनच सगळं तुंबलेलं होतं. पट्टा असूनही गुडघा असा ठणकत होता की शोरूमच्या पायऱ्या मी एकेक करून चढले, आधी उजवा पाय, मग त्याच्याशेजारी डावा.

काचेच्या मागे, गुळगुळीत फरशीवर, रिबिनी लावलेली एक लाल ऑटोमॅटिक उभी होती आणि तिच्यात बाबा बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट. दोन्ही हात स्टिअरिंगवर. नजर समोर, काचेपलीकडच्या शीळ रस्त्याच्या ट्रॅफिकवर. रस्त्यावरची एखादी बस थांबली की ते बंद गाडीत ब्रेक दाबत होते. जवळ गेल्यावर दिसलं, त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली होती आणि तो घोटा रुमालाने सीटच्या खालच्या लोखंडी दांडीला बांधला होता. त्यांच्या टॉवेलाएवढ्या रुमालाने, गाठ घट्ट मारून.

मी दुसऱ्या बाजूने आत शिरले आणि शेजारी बसले. त्यांनी मान वळवली नाही.

बाहेर एक टँकर थांबला. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर गेला आणि त्याच क्षणी रुमाल ताणला गेला.

“सोडला की दाबतो,” ते म्हणाले. “चार दिवस झाले. त्याला सांगून कळत नाही.”

मी म्हटलं, बाबा, कशाला हे? मॅन्युअल बुक झालीय. तुम्हाला हवी तीच.

“ती आत्ता तासाभरापूर्वी रद्द केली मी. ऑटोमॅटिक लिहून घेतलीय. तू नुसती सही कर.”

मला हसावं की चिडावं कळेना. मी चिडले. मला न विचारता, माझी गाडी, माझा गुडघा, वगैरे सगळं बोलले, दबक्या आवाजात, कारण शोरूमचा साहेब बघत होता. त्यांनी ऐकून घेतलं.

“जिन्यावर बघतो ना मी तुला,” ते म्हणाले. “तुझी आई असंच चढायची शेवटची सहा वर्षं. एक पाय, मग दुसरा. मी म्हणायचो, चाल जरा, मोकळा होईल गुडघा. आख्ख्या तालुक्याला फिरवलं मी, आणि तिला चालायला सांगायचो.”

इतकं बोलून ते वाकले आणि गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती, बराच वेळ सुटेना. मी मदत करायला गेले तर हात बाजूला सारला. मला रडू आलं, तिथेच, त्या रिबिनींच्या गाडीत, आणि ती मुलगी काचेपलीकडून पाण्याचा ग्लास घेऊन यावं की नको असं करत उभी राहिली.

“आणि तुमचं काय?” मी विचारलं. “तुम्ही काय चालवणार?”

त्यांनी रुमाल झटकला, घडी करून खिशात ठेवला आणि चप्पल पायात सरकवली.

“मी रिटायर होऊन चौदा वर्षं झाली,” ते म्हणाले. “कागद आज पोचला, असं समजायचं.”