आत्याबाईंची सोबत

माझी सासू आनंदीबाई बालाघाटजवळच्या भरवेलीच्या खाणीत तीस वर्षं हातोडीनं दगड फोडून मँगनीज निवडायची. संध्याकाळी हात कोपरापर्यंत काळे घेऊन यायची, आणि ते धुवायच्या आधी चहा मागायची. मी तिला आत्याबाई म्हणायचे.

छप्पन साली खाणीच्या वस्तीतली कितीतरी माणसं दीक्षेसाठी नागपूरला गेली. तिचीही वळकटी बांधून झाली होती. पण तिची सासू अंथरुणाला खिळलेली. कोणीतरी घरी राहायला हवं होतं. "तू अजून जवान हायेस, पुढच्या दसऱ्याले जाजो," असं सगळे म्हणाले. पुढच्या दसऱ्याला मुलीचं बाळंतपण निघालं, त्याच्या पुढे आणखी काही. सत्तर साली ती साठीची झाली, कामावरून उतरली, आणि त्याच आठवड्यात जेवता जेवता म्हणाली, "औंदा मी नागपूरले जाईन."

"या वयात?" माझा नवरा चैतराम म्हणाला.

"काहून? तवा वय कमी होतं, आता जास्त झालं. मंग माहं वय होतं तरी कवा?"

मग वस्तीभर सल्ले सुरू झाले. शेजारची शांताबाई म्हणाली, डोळ्याला कमी दिसतं, डब्याची पायरी चुकेल. दोनदा नागपूर पाहून आलेला महागू तर रोज येऊन सांगायचा, कोणाच्या हातचं खाऊ नको, मधल्या टेसनावर उतरू नको. ती सगळ्यांना "हौ, हौ" म्हणायची. शेवटी चैतरामनं तोड काढली: सत्यभामा सोबत जाईल, आईला सांभाळून नेईल.

सत्यभामा म्हणजे मी. अठ्ठावीस वर्षांची, आणि गोंदियाच्या पुढे कधी गेलेली नव्हते.

बालाघाटहून छोट्या गाडीनं गोंदियाला उतरलो, तिथून नागपूरची मोठी गाडी. डबा दसऱ्याच्या गर्दीनं खच्चून भरलेला. आत्याबाई खिडकीशी बसली आणि तिरोड्यापर्यंत समोरच्या बाईची मुलंबाळं, शेतीवाडी सगळी विचारून मोकळी झाली. त्या बाईनं दिलेली भाकरीही खाल्ली. मी मात्र वळकटी घट्ट धरून बसले होते.

तुमसर रोडला मी पाणी आणायला उतरले. नळाशी गर्दी होती. लोटा भरून वळले तर गाडी चालू लागलेली. धावले, पण साडी पायात आली. शेवटचा डबा पुढून गेला आणि मी फलाटावर रडत उभी राहिले. आत्याबाईचं काय होईल, घरी काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

पुढची पॅसेंजर दोन तासांनी आली. भंडारा रोडला ती थांबते न थांबते तोच खणखणीत आवाज ऐकू आला, "सत्यभामा! ओ सत्यभामा!" आत्याबाई वळकटी काखेत मारून एकेका खिडकीत डोकावत येत होती. मागून एक रेल्वेबाबू, "अम्मा, धीरे, गिर जाओगी!" म्हणत येत होता. त्याला वाटलं होतं, म्हातारी चुकली. तिनं त्याला ठणकावलं होतं, "मैं नही गुमी बाबू, मेरी बहू गुमी है."

मला पाहून ती रागावली नाही. लोट्यातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "सरक तिकडे, मले बसू दे."

नागपूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दीक्षेच्या मैदानात जिकडे पाहावं तिकडे पांढऱ्या साड्या. ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग खाली बसून मातीवर तळवा फिरवला आणि म्हणाली, "चौदा वर्सं लागली." रडले मीच.

घरी आल्यावर चैतरामनं मला विचारलं, "आईनं तरास त नाही देल्ला?" मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढे सात दसरे ती गेली. तिसऱ्या वर्षी शांताबाई निघाली, मग वस्तीतल्या आणखी चार म्हाताऱ्या. तरुण कोणी सोबत नसायचं. त्यांना ते नकोच असायचं. गोंदियाच्या फलाटावर त्या शिदोऱ्या सोडून जेवायला बसत आणि एवढ्या मोठ्यानं हसत की हमाल वळून पाहत. गुडघे गेले त्या वर्षी आत्याबाई घरीच राहिली. बाकीच्या परतल्या तेव्हा दिवसभर त्यांना दारात बसवून तिनं विचारलं, गाडीत कोण कोण भेटलं.