सरांची सही

समता खोब्रागडे चित्रं काढायला शिकली ती एका कॅलेंडरवरून. तिचे वडील काशीनाथ मूळचे भंडाऱ्याकडचे. केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी, म्हणून दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. एका वर्षी त्यांनी ऑफिसातून नरसिंह चांदोरकरांच्या चित्रांचं कॅलेंडर आणलं. बाराही चित्रांत पाठमोरी माणसं होती. कुणी बसस्टॉपवर उभं, कुणी रेशनच्या रांगेत, कुणी दवाखान्याच्या बाकावर. एकाचाही चेहरा दिसत नव्हता, तरी कोण थकलंय आणि कोणाला घरी जायची धास्ती वाटतेय, ते पाठीवरून कळायचं. समता तेव्हा बी.कॉम.ला होती. वर्ष सरलं तरी तिने ते कॅलेंडर काढू दिलं नाही.

आधी तिने पेन्सिलीने चौकटी आखून बाराही चित्रं उतरवली. मग रंग आणले. माणसं जमू लागली, पण चांदोरकरांचा करडा रंग काही केल्या साधेना. तिचा करडा मेलेला दिसायचा, त्यांचा आतून ऊबदार. दोन वर्षांनी मंडी हाउसला त्यांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा ती एका चित्राच्या इतकी जवळ गेली की रखवालदाराने हटकलं. पण तेवढ्यात तिला कडेला तांबूस रेघ दिसली होती. म्हणजे हा माणूस कॅनव्हासला आधी गेरूसारखा तांबडा हात देतो आणि त्यावर करडा पातळ चढवतो. घरी येऊन तिने तसं करून पाहिलं, आणि पहिल्यांदाच चित्रातल्या माणसाच्या अंगात धुगधुगी आली.

पुढे तिला सरकारी नोकरी लागली. लग्न ठरत गेलं, मोडत गेलं, मग तो विषयच निघेनासा झाला. रविवारी ती चित्र काढायची आणि आई, प्रभावती, शेजारी बसून भाजी निवडायची. एकदा आई म्हणाली, "सगळ्यांच्या पाठीच का गं काढतेस? एकालाही वळून बघावंसं वाटत नाही?"

"चांदोरकर सर असंच काढतात," समता म्हणाली.

चाळिशी जवळ आल्यावर तिने धीर केला. सात चित्रं घेऊन ती चांदोरकरांकडे गुरुग्रामला गेली. ते पत्नी गेल्यापासून मुलीकडे, वृंदाकडे, सतराव्या मजल्यावर राहत होते. त्यांनी सातही चित्रं जमिनीवर मांडायला लावली, चष्मा पुसून एकेक बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हात छान आहे तुझा. पण ही सगळी माझी माणसं आहेत. तुझं कुठाय?"

त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. परतताना मेट्रोत तिने चित्रं पायांशी उलटी करून ठेवली. त्यानंतर चार वर्षं तिने ब्रश धरला नाही.

मग आईची मूत्रपिंडं निकामी झाली. दीड वर्ष डायलिसिस चाललं आणि एका मार्चमध्ये ती गेली. काशीनाथांनी तिचे सगळे फोटो पुढे घेऊन पाहिले, पण कुठल्याच फोटोत ती तिच्यासारखी दिसत नव्हती. कॅमेरा समोर आला की ती अंग चोरायची. समताने पुन्हा कॅनव्हास ताणला. तांबडा हात दिला, करडा चढवला, ओट्यापाशी पाठमोरी आई काढली. सारं सरांसारखंच. पण त्या पाठीकडे तिला बघवेना. मग तिने मान खरवडली आणि आईला वळवलं. काहीतरी विचारायला वळावं तशी. अर्धा चेहरा, हात अजून कणकेत. त्या अर्ध्या चेहऱ्यावर ती आठ महिने राबली.

चित्र पुरं झाल्यावर एकाच माणसाला दाखवावंसं वाटलं. फोन वृंदाने घेतला. बाबांना अर्धांगवायू झालाय, उजवा हात गेलाय, माणसं आठवत नाहीत, असं तिने सांगितलं. "पण या तुम्ही, समताताई. कुणी मराठी बोललं की त्यांना अच्छा वाटतं."

समता चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन गेली. वृंदाने ते खुर्चीवर टेकवलं. चांदोरकर बराच वेळ बघत राहिले. डोळे भरून आले.

"ही वळली," ते म्हणाले. "जन्मभर मला एकालाही वळवता आलं नाही." मग मुलीकडे बघून विचारलं, "कधी काढलं गं मी हे?"

वृंदा काही सांगणार, तोच समताने तिच्या हातावर हात ठेवला. काय बोलायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं.

"गेल्या वर्षी काढलंत, सर."

त्यांनी मान डोलावली. सही राहिलीय म्हणाले. वृंदा जागची हलेना, तेव्हा समतानेच त्यांच्या टेबलावरचा ब्रश रंगात बुडवून त्यांच्या डाव्या हातात दिला. 'नरसिंह' ही चार अक्षरं लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. शेवटचं अक्षर घसरत कडेपर्यंत गेलं.

"कोण ही?" त्यांनी विचारलं.

"प्रभावती."

"चांगली बाई असणार."

चित्र परत न्यायचा विषय तिने काढला नाही. पुढचे तीन महिने ते रोज त्या खुर्चीसमोर बसत, चित्रातल्या बाईशी बोलत, असं वृंदा फोनवर सांगायची. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी वृंदा स्वतः गाडीने चित्र घेऊन आली. सही काढून टाका, हे तुमचंच आहे, एवढं म्हणाली आणि चहा न घेताच गेली.

समताने दोनदा पातं हातात घेतलं. वाकडी अक्षरं खरवडणं काही तिच्याने झालं नाही. मग तिने तेच चित्र नव्याने काढायला घेतलं. तीनदा काढलं. तिन्ही वेळा आईचा चेहरा आला तो पहिल्या चित्राची नक्कल होऊन.

काशीनाथ आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनी ते चित्र आपल्या पलंगासमोर लावून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी नाक चित्राला लागेल इतकं जवळ जाऊन खालची अक्षरं वाचली.

"हे तूच काढलंयस ना?"

"हो, बाबा."

"मग नाव दुसऱ्याचं का?"

तिने सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर चित्रावरच होती. शेवटी म्हणाले, "शेजारी तुझंही घाल की. जागा आहे."

ती हो म्हणाली. अजून घातलेलं नाही.